रिटर्न कुठल्या दारापर्यंत येतो

कॉम्प्युटर सेंटरात काही वर्षं काढलेला माणूस भेटला की पहिल्या चहाला तो मशीनबद्दल बोलतो आणि दुसऱ्या चहाला किस्से सुरू होतात. आमच्याकडे तर इतके साचलेत की कोणता आधीचा, कोणता नंतरचा, यावरूनच भांडण होतं! गोष्ट ऐंशीच्या दशकातली, नागपुरातल्या एका कॉलेजची. एसी मशीनच्या खोलीला. आम्ही बाहेरच्या खोलीत घामाघूम. माणसं तीन. खाप्याहून रोज एसटीनं येणारे ढोके सर, पीएच.डी. करणारी सुलभा मेश्राम आणि मी. भाषा लिस्प. तिच्यात आकडेमोड कमी, चिन्हांचंच काम जास्त.

भुताखेतांचे किस्से मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सुलभाचा प्रोग्रॅम एका समीकरणाचं उत्तर शोधत होता. उत्तर सापडलं की 'रिटर्न', म्हणजे सगळं सोडून परत ये, असं तिनं लिहिलं होतं. उत्तर सापडलं, स्क्रीनवर उमटलं, आणि बेटा शोधतच राहिला!

"सर, हे परत काहून येऊन नाही राहिलं?"

"येऊन तर राहिलं. कुठं येऊन राहिलं ते पाह्य," सर म्हणाले. "मायनं तुले इतवारीच्या बाजारात धाडलं. दुकानदारानं तुले मागच्या गोदामात धाडलं. गोदामात तू म्हटलं, चला, परत. तर पोचशीन कुठं? दुकानात! एक रिटर्न म्हणजे एकच दार."

खरंच, तिच्या प्रोग्रॅममध्ये लूपच्या, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणाऱ्या ओळींच्या, पोटात आणखी एक लूप होतं. रिटर्न आतल्या लूपमधून निघून बाहेरच्या लूपमध्ये येऊन थांबत होता.

"अन् माय?" सुलभानं विचारलं.

"माय दारातच उभी ना!" सर मोठ्यानं हसले. मग एकदम चष्मा काढून उगाच पुसत बसले.

*

दुसरा माझा पराक्रम. मी एका बेरजेच्या मधोमध रिटर्न घालून ठेवला. मशीननं पहिलं पद सोडवलं, दुसऱ्या जागी रिटर्न भेटला, आणि ते तिथूनच उठून गेलं. तिसऱ्या पदाला हात लावला नाही. बेरीज झालीच नाही. चुकलं म्हणून एखादी ओळ तरी यावी? नाव नको!

"सर, मग सोडवलेल्या पहिल्या पदाचं काय झालं?" मी विचारलं.

"जेवता जेवता उठून गेलेल्या माणसाच्या ताटाचं काय होते? तेच."

त्या दिवशी आम्हाला कळलं. सरांचा एकुलता एक मुलगा, सुधाकर, बापाशी भांडून असाच भरल्या ताटावरून उठला आणि सायकल घेऊन निघून गेला. भात वाढायचा राहिला होता. दोन दिवाळ्या उलटल्या, पत्ता नाही.

"त्याची माय अजून त्याच्या हिश्शाचा भात टाकते," सर म्हणाले.

*

लिस्पमध्ये चूक झाली की मशीन एक पायरी आत उतरून थांबायचं आणि कितव्या पायरीवर आहोत तो आकडा दाखवायचं. रिटर्न टाइप केलं की एक पायरी वर. एका दुपारी डबा खाऊन आलो तर सुलभाच्या टर्मिनलवर आकडा भलताच वाढलेला. खोलीला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात!

सुलभा टाइप करत गेली. आकडा उतरत उतरत खाली आला. ती पाणी प्यायला उठली, परत वळली, तर आकडा पुन्हा वाढलेला.

सुलभाच्या घरच्यांनी छप्पन सालीच देव आणि भुतं दोन्ही घराबाहेर काढली होती. तिनं कमरेवर हात ठेवून मशीनला दम भरला, "कोण आहे गा अंदर? एकदाचा बाहेर ये!"

मी हसलो. सर हसले नाहीत.

*

मग एकदा कँटीनमध्ये सरांनीच विषय काढला. म्हणे, रोज दिवेलागणीला घराच्या फाटकापाशी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज येतो. काकू, म्हणजे सुधाकरची आई, धावत बाहेर जातात. बाहेर कोणी नसतं.

"शेजाऱ्याची सायकल असन, सर," सुलभा म्हणाली.

"शेजाऱ्यापाशी कुठची सायकल? त्याच्यापाशी बैलबंडी आहे!"

आम्ही हसलो. सरांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "येते तो. पण फाटकापर्यंतच येते."

*

आता शेवटचा. लिस्पची नवी आवृत्ती टेपवर आली. तिच्यात प्रोग्रॅमच्या प्रत्येक कप्प्याला नाव देता यायचं. रिटर्न करताना ते नाव घेतलं की मधली सगळी दारं ओलांडून मशीन थेट तिथल्या कामातून बाहेर यायचं. सुलभाचा प्रोग्रॅम पहिल्यांदा सरळ घरी आला! तिनं टाळ्या पिटल्या.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे नाव घ्याच लागते?"

"हो सर. नाही घेतलं तर जवळच्या दारातच थांबते," सुलभा म्हणाली.

"आमच्या घरी त्याचं नाव निघतच नाही," सर म्हणाले. "त्या दिवशी रागात मीच म्हटलं, या घरात याचं नाव कोणी घ्यायचं नाही. त्याच्या मायनं माझा शब्द मोडला नाही गा."

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना खाप्याला जेवायला नेलं. माजघरात पाट मांडले होते. आम्ही दाराकडे पाठ करून बसलो, सर आमच्या शेजारी. काकूंनी वांग्याची भाजी वाढली, पोळ्या वाढल्या. एक ताट रिकामंच होतं. सुलभाच्या पलीकडे, भिंतीला टेकवलेलं.

दिवा लावायची वेळ झाली आणि फाटकापाशी खट्कन आवाज झाला. सायकलचा स्टँड. सुलभानंही ऐकला; तिचा घास हातातच राहिला.

काकू जागच्या हलल्या नाहीत. त्या सरांकडे बघत होत्या.

"घे त्याचं नाव," सर म्हणाले. "मी चुकलो. घे."

काकूंनी तोंड उघडलं. एवढ्या मोठ्यानं हाक मारली की माझ्या अंगावर काटा आला. "सुधाकर! ये बाबू, भात वाढून राहिली!"

बाहेर काहीच नाही. मग फाटकाची कडी वाजली. अंगणात पावलं वाजली. ओसरीवर कोणीतरी चपला काढल्या, एक, मग दुसरी.

आम्ही मागं वळून पाहिलं नाही. मी तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. सुलभानं मात्र आपलं ताट थोडं अलीकडे ओढलं आणि जागा करून दिली.

काकूंनी भिंतीला टेकवलेलं ताट मांडलं. भात वाढला, वर वरण घातलं, आणि त्या ताटासमोर मांडी घालून बसल्या.

"सावकाश जेव बाबू," त्या म्हणाल्या. "आता मधातून उठू नको."