बसून बसून चपटं झालेलं जाकीट

धक्क्यावर सगळे तिला बकलबाई म्हणत. तळ्यात बोटीच्या फेऱ्या चालत, आणि बोटीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचं जाकीट तिच्या हाताखालून जायचं, मग तो साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब. बकल खटकन लावायची, पट्टा ओढायची आणि दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर उचलून बघायची. ते कानापर्यंत सरकलं की, "ढगळ आहे, बदला!" "अहो बाई, फोटोत जाड दिसतो मी," असं कोणी कुरकुरलं तर उत्तर तयार असायचं, "दिसा की! दिसायला उरलात म्हणजे झालं."

एवढी कडक बाई, पण घरच्या माणसापुढे तिने हात टेकले होते. नवरा नावाडी. जाकीट अंगात घालायचं सोडून बुडाखाली घ्यायचा. बाकं ओली, कंबर दुखरी, त्याला मऊ लागायचं. तोच कशाला, धक्क्यावरचे झाडून सगळे नावाडी तेच करायचे. शेवटी तिने अबोला धरला तेव्हा कुठे गडी जाकीट घालायला लागला. आणि घातलं कुठलं? तर तेच, वर्षानुवर्षं बसून चपटं केलेलं!

अशात बचाव पथकाचा एक माणूस शिकवायला आला. म्हणाला, "जाकिटावर बसू नका. आतला फोम दबतो, आणि दबलेला फोम माणसाला तोलत नाही." पाण्याच्या पिंपात वजन बांधून जाकीट कसं तपासायचं तेही त्याने दाखवलं, तरंगलं तर चांगलं, बुडलं तर बाद. नावाड्यांनी माना डोलावल्या आणि त्याच जाकिटांवर बसून चहा घेतला. बकलबाईच्या मात्र ते डोक्यातून जाईना. जेवताना तेच, झोपताना तेच.

एका सकाळी नवरा बोटीत इंधन भरत होता तेव्हा तिने पाण्याने पिंप भरलं. त्या माणसाने दाखवलं होतं तसं नवऱ्याच्या जाकिटाला नांगराचं लहान वजन बांधलं आणि पाण्यात सोडलं. जाकीट जरा घुटमळलं, आणि गेलं की हो तळाला! कपाटातलं कोरं जाकीट काढून तिने त्याच्या खुंटीला अडकवलं. त्याला सांगितलं मात्र नाही, दिवसभर चिडवून जीव नकोसा केला असता. जुनं कठड्यावर वाळत टाकलं. सवड मिळाली की कात्रीने फाडून टाकू, असं ठरवलं.

पण सवड मिळतेय कसली! गर्दी उसळली. त्यातच एक झिंगलेला इसम बोटीत चढायचा हट्ट धरून बसला. पिऊन आलेल्याला बोटीत घ्यायचं नाही हा नियम, आणि बाबाला तो ऐकायचा नव्हता. त्याला वाटेला लावून ती वळली, तर कठडा रिकामा.

"इथलं जाकीट?" तिने तिकीटवाल्याला विचारलं.

"त्या आजींना कुठलंच बसेना. तुमच्या यजमानांनी ते मोठं घातलं त्यांना."

बोट तळ्याच्या मध्यावर पोचली होती. वारा सुटला होता, लाटा धक्क्यावर थडाथडा आपटत होत्या. अगं बाई, हे काय करून बसलीस, ती स्वतःलाच म्हणाली आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, परत फिरा."

"का गं? आत्ता तर आलोय."

"आजींच्या अंगातलं जाकीट बाद आहे. तरंगत नाही ते."

"मग?"

जास्तीचं जाकीट बोटीत नव्हतं. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा केला, त्याच्याच अंगावरचं काढायचं, तेही स्वतःच्या तोंडाने सांगून.

"तुमचं काढून त्यांना घाला," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

बोट डचमळताना दिसली. कोणीतरी वाकलं होतं, कोणीतरी उभं होतं. बसा रे, बसा खाली, ती पुटपुटत राहिली. दोर बांधलेली रबरी कडी छातीशी धरून ती धक्क्याच्या टोकाला उभी होती. बोट वळली, हळूहळू मोठी दिसू लागली. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, फक्त इंजिनापाशी बसलेला माणूस ओल्या सदऱ्यात. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलंही नाही.

आजी उतरल्या. "भला माणूस आहे तुझा," म्हणाल्या. बकलबाईला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना.

नवऱ्याने चपटं जाकीट तिच्यापुढे धरलं. "हे बाद आहे ते कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"म्हणून माझ्या खुंटीला कोरं आलं होय?"

"हो."

तो चिडवणार, असं तिला वाटलं. त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने रांगेतल्या लोकांकडे पाहिलं, मग फळीवर ओळीने टांगलेल्या जाकिटांकडे.

"आणि बाकीची?"

रोज शेकडो बकलं ओढणारी ती बाई खाली मान घालून म्हणाली, "फक्त तुमचंच तपासलं मी."

तिकीटवाल्याला त्याने खिडकी बंद करायला सांगितली, आणि फळीवरचं पहिलं जाकीट काढून पिंपाकडे गेला.