दुसरा स्कोअरर

स्टुटगार्टमध्ये लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात भरून घराबाहेर ठेवतात आणि वर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी लावतात. त्या खोक्यांचा मला मनापासून राग यायचा, कारण बाबा रोज त्यातलं काहीतरी उचलून आणायचे. एकदा बिनझाकणाची किटली आणली, एकदा स्कीची एकच काठी. आणि एका ऑक्टोबरात, चढावर धापा टाकत, विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक आणलं. शंभर वर्षांहून जुन्या एका अमेरिकन व्यावसायिक बेसबॉल संघाकडून जो जो खेळला, त्या प्रत्येकाची फलंदाजी त्यात वर्षवार छापलेली होती. पानंच्या पानं नुसते आकडे. शहराला लागून अमेरिकन लष्कराची वसाहत आहे, तिथून परत गेलेल्या कुणाचं तरी ते असावं.

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इथे आणलं होतं. घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत, ते दिवसभर खिडकीत. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. या गावात त्यांना वाचता येण्यासारखे फक्त आकडे होते, ट्रामवरचे आणि घड्याळातले. आता हे पुस्तक मिळालं.

बाबा नोकरीला टेलिफोन खात्यात होते, पण कुणी विचारलं तर स्वतःला स्कोअरर म्हणायचे. तीसेक वर्षं त्यांनी रविवारी क्लबांच्या क्रिकेट सामन्यांची वही लिहिली. त्यामुळे बेसबॉलची सरासरी पाहून ते आधी भडकलेच. शून्य पॉइंट तीन? अशा माणसाला संघात ठेवतंच कोण? मी इंटरनेटवर शोधून सांगितलं की इथे धावा मोजत नाहीत, किती वेळा खेळायला आला आणि त्यातल्या किती वेळा फटका लागू पडला, ते बघतात. दहात तीन म्हणजे फार मोठा खेळाडू. बाबांनी बोटांवर मोजून बघितलं. "म्हणजे दहातल्या सात वेळा फुकट गेलं तरी चालतं," ते म्हणाले. "बरे आहेत की लोक."

त्या दिवसापासून त्यांनी पुस्तक तपासायला घेतलं. आडव्या रेघांच्या वहीत एकेका खेळाडूचे फटके उतरवायचे, पेन्सिलीने भागाकार करायचा आणि छापलेली सरासरी बरोबर आहे का बघायचं. पूर्ण कारकिर्दीत एकदाच खेळायला आलेले आणि शून्यावर परतलेले कितीतरी होते. त्यांचाही भागाकार बाबा करायचे. ते सोडायचं म्हटलं तर डोळे वटारायचे.

यात माझं काम दुसऱ्या स्कोअररचं. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांचे स्कोअरर एकाच टेबलाशी बसतात. षटक संपलं की एकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने स्वतःच्या वहीत बघायचं आणि 'जुळलं' म्हणायचं. न बघता 'जुळलं' म्हणणाऱ्या माणसाबरोबर बाबा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. तर मी ऑफिसातून आले की ते आकडे म्हणायचे, मी कांदा चिरता चिरता फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर बघायचे आणि 'जुळलं' म्हणायचे. ते बरोबरची खूण करायचे. माझ्या सगळ्या दिवसात तेवढा एक तास मला आवडायचा.

हिवाळ्यात चुका सुरू झाल्या. पहिल्यांदा मी सांगितलं, "बाबा, नाही जुळत." त्यांनी परत केलं, जमलं. पुढे जमेना. एका भागाकारावर ते अर्धा अर्धा तास बसायला लागले, कपाळावर घाम यायचा. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला भूकही लागलेली असायची. एकदा आकडा साफ चुकलेला असताना मी 'जुळलं' म्हणून टाकलं. ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मला वाटत होतं, किती प्रेमळ मुलगी आहे मी.

मार्चमध्ये बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीतून परत येताना एकाच आठवड्यात तीनदा वाट चुकले. मी त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या जर्मनमध्ये विचारणार, मी मराठीत सांगणार, बाबांचं उत्तर मी जर्मनमध्ये देणार. शंभरातून सात वजा करत जायचं होतं. बाबा ताठ बसले. त्र्याण्णव. शहाऐंशी. मग थांबून, "अठ्ठ्याहत्तर." आणि वहीतल्या प्रत्येक आकड्यानंतर बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी जर्मनमध्ये एकोणऐंशी म्हणाले.

पुढे ते एकाहत्तर, चौसष्ट म्हणाले, मी बहात्तर, पासष्ट. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी त्यांना एक आठवला, मी तीनही सांगितले. का? मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. त्या बाईंनी माझ्या वडिलांना नापास केलेलं मला ऐकायचं नव्हतं. बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत लिहीत होत्या. वयाच्या मानाने उत्तम, म्हणाल्या, आणि तो कागद त्यांनी कौतुकाने बाबांपुढे धरला. शब्द जर्मन होते. आकडे आकडेच होते.

बाबांनी त्यावरून बोट फिरवत तो वाचला. ट्रामच्या थांब्यावर म्हणाले, "अगं, मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो होतो. त्यांनी एकोणऐंशी लिहिलंय."

तेव्हा तरी खरं बोलायचं. थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, ट्राम यायला वेळ होता. पण मी म्हणाले, "नाही बाबा, तुम्ही एकोणऐंशीच म्हणालात."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. "मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. रागावून नाही. दुसऱ्या स्कोअररने वहीत बघून सांगितलं की आपला आकडा खोडायचा, इतक्या सरळपणे.

मी नंतर वाचलं की वजाबाकीतल्या त्या एका चुकीचा फक्त एक गुण जातो. सात नीट वजा होत राहिले तर पुढचे आकडे बरोबरच धरतात. वजाबाकीत ते एकच उत्तर चुकले होते आणि आपण काय म्हणालो ते त्यांना अचूक आठवत होतं. आठवणीच्या परीक्षेत बाबा उरलेल्या आठवणीनिशी उभे होते, आणि ती मी त्यांच्या हातून काढून घेतली. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वही उघडली नाही. पुढेही नाही. वर्षाअखेरीस परत तपासणी झाली, त्या वेळी दुभाषा दुसरा होता. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं, इतक्या थोड्या महिन्यांत इतकी घसरण त्यांना अपेक्षित नव्हती. जुना कागद त्यांच्या समोरच होता. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

वही माझ्या कपाटात आहे. एकदा सगळी तपासली. जिथे मी खोटं 'जुळलं' म्हणाले तिथेही त्यांची खूण आहे, खऱ्यांइतकीच ठसठशीत. शेवटचा एक खेळाडू बिनखुणेचा राहिलाय. तो एकदाच खेळायला आला होता, शून्यावर गेला. बाबांनी भागाकार बरोबर केलाय.

गेल्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात आले तर बाबांनी चहाचे तीन कप मांडले होते. मी तिसरा उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तुझी आई येईल ना?"

"बाबा, आई गेली. तीन वर्षं झाली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "वहीत बघून सांगतेस ना?"

"हो बाबा."

ते त्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो स्वतःच उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला.

"मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले.