शकुबाई पाइप ऐकतात

शकुबाईंकडे जायच्या आधी मला बजावलं होतं की बाईंची अट नीट ऐक आणि मगच हो म्हण. मी ऐकलं नाही. माझं हे असंच आहे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि मग आठवडाभर निस्तरत बसते.

मी निकिता बोरस्ते. सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या जॉबमधल्या चुका काढायच्या हे माझं काम, आणि घरी आल्यावरही ते सुटत नाही असं रविराज म्हणतो. रविराज माझा मोठा भाऊ. त्याने पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मखमलाबादचं घर आवरायला काढलं आणि पडवीतल्या सायकलपाशी येऊन सगळं अडलं. सायकल आमच्या वडिलांची, अण्णांची. काळी, चोवीस इंची, मखमलाबाद ते सातपूर अशी एकतीस वर्षं चाललेली. अण्णांचे गुडघे गेले तशी तीही उभी राहिली. रविराज म्हणाला, "रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खबरदार! मी तिची फिक्सी करणार आणि रोज कामावर नेणार."

फिक्सी म्हणजे मागचं चाक आणि पायडल एकमेकांना घट्ट बांधलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय स्वस्थ ठेवायची सोय नाही. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावायचा. गंगापूर रोडला पहाटे पोरंपोरी चालवतात, मी बघून बघून वेडी झाले होते. जुन्या स्टीलच्या फ्रेमची फिक्सी झकास होते, फक्त फ्रेम धड हवी. अण्णांनी सगळं ऐकून घेऊन एवढंच विचारलं, "म्हणजे चालंल ती?" पण मग ते दिवसातून तीनतीनदा विचारायला लागले.

फ्रेम धड आहे का, हे सांगणारं माणूस नाशकात एकच, असं जो तो म्हणाला. श्रमिकनगरच्या शकुबाई पगारे. वय साठीच्या पुढे, साडीवर कारखान्याचा जुना निळा शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेलं लोहचुंबक. मी मनात म्हटलं, चला, आता ही मावशी मला क्वालिटी शिकवणार!

दारातच त्यांनी मला थांबवलं. "आधी ऐक. फ्रेम पास झाली तर घेऊन जा. नापास झाली तर मी ती हितंच कापनार, तुझ्यादेखत. मग भंगारात जाऊ दे. कबूल हाय का?"

"कबूल, मावशी," मी म्हटलं. एकतीस वर्षं चाललेली सायकल नापास कशी होईल?

"इचार कर."

"केला."

ही अट कुठून आली ते त्यांनी फ्रेम आत घेता घेताच सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी एकाची फ्रेम नापास केली. तो माणूस मान हलवून घेऊन गेला आणि बाजारात विकून मोकळा झाला. ती घेतली एका दूधवाल्याने. त्र्यंबक रोडवर भरल्या कॅनसकट फ्रेम मोडली आणि दूधवाल्याचा जबडा फुटला. "त्यानं माझं काय घोडं मारलं होतं?" शकुबाई म्हणाल्या. "मला ठाऊक होतं ना, ती फुटकी हाय म्हनून. कारखान्यात नापास माल आम्ही कापूनच टाकायचो. नायतर कुनीतरी गुपचूप लायनीत परत सरकवतो. भाईर आल्यावर मी ते इसरले. तवापासून कापते."

बाई मूळच्या दिंडोरीकडच्या. त्यांचे यजमान फकिरा हे पाइपाचं फर्निचर आणि सायकलच्या फ्रेमा बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होते. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी बाईंना पॅकिंगला घेतलं. फ्रेमा कागदात गुंडाळायचं काम. गुंडाळताना फ्रेम टेबलाला लागायची, वाजायची. एक दिवस एक फ्रेम वेगळीच वाजली. बाई साहेबांना म्हणाल्या, ही फुटकी आहे. साहेब हसले. बाई म्हणाल्या, कापून बघा. कापली, तर जोडाच्या आत केसाएवढा तडा! दुसऱ्या दिवशी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि बावीस वर्षं तिथून कोणी उठवलं नाही. कारखाना बंद पडून जमाना झाला. कान मात्र शाबूत राहिला.

मला वाटलं, आता लगेच ठोकतील. छे! आधी त्यांनी मलाच तपासलं. फिक्सी म्हणजे नेमकं काय, चेन किती ताणायची, उतारावर काय होतं, पाय कुठे असतात. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर तो त्यांनी चार वेळा पाहिला आणि एकदम माझ्या हातावर चापट मारली. "आगं, म्हंजे ब्रेक तुझ्या पायात! मग सगळा मार पायडलच्या कपावर, जितं आस बसतो तितं, येनार. म्होरून बी आन मागून बी. साध्या सायकलीला चालंल ती फ्रेम ह्याला चालायची नाय." मला हे समजायला दोन महिने लागले होते, बाईंना दहा मिनिटं लागली. माझी निम्मी घमेंड तिथेच उतरली.

मग काम सुरू झालं. पुढच्या नळीखाली, हँडलजवळ, त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. सायकल कधी समोरून धडकली असेल तर तिथल्या रंगाला सुरकुती पडते म्हणे. नव्हती. गळ्यातलं चुंबक सगळ्या नळ्यांवरून ओढत नेलं. जिथे चिकटायचं नाही तिथे गंज दडवायला लांबी, म्हणजे रंगाखालची पुटी, भरलेली असते. सगळीकडे चिकटलं. मग शिवणाचा दोरा हँडलच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांना ताणून बांधला आणि मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजलं. अर्ध्या सुताचा फरक निघाला. माझ्या भाषेत दीड मिलिमीटर. "हे चालतंय, हे सरळ होतंय," बाई म्हणाल्या. आमच्या कंपनीत हेच मोजायला मोठं मशीन आहे आणि त्याला दोन माणसं लागतात. मी अगदी जवळ सरकून बघत होते, त्यांच्या पायात यायला लागले तशा ओरडल्या, "उजेड सोड की!"

शेवटी त्यांनी एक जाड बोल्ट घेतला. नेमकी तेव्हा पहिली शिफ्ट सुटली आणि गल्लीतून मोटरसायकलींची रांग लागली. बाई बोल्ट हातात धरून वीस मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. गल्ली शांत झाल्यावर एकेक नळी ठोकून तिला कान लावला. सीटच्या नळीवर वरून खाली येता येता थांबल्या. पुन्हा ठोकलं. मलाही कान लावायला सांगितला. वरच्या बाजूला स्वच्छ आवाज, आणि खाली, पायडलजवळ, ओल्या भिंतीवर टिचकी मारावी तसा.

पायडलचा कप खोलला तर आतून नुसते छर्रे पडले नाहीत. तांबडा गाळ पडला आणि त्यात छर्रे होते. बाईंनी तो बोटाने पुसला, एक जुना स्पोक घेतला आणि नळीत आतून टोचला. स्पोकचं टोक सरळ बाहेर आलं! तिथे चुंबक चिकटण्यापुरतं, कागदाएवढं पातळ लोखंड उरलं होतं. बाकी नुसता रंगाचा पापुद्रा.

"ह्यात पानी कोन ओततं?" त्यांनी विचारलं.

"पावसात भिजली असेल."

"पावसाचं न्हाय. पाऊस अंगावर पडतो. हे सीटच्या भोकातनं ओतलेलं हाय, भरपूर, आन लय वर्षं."

मला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी राहिलं. ओतलेलंच होतं ते. दर खंडेनवमीला अण्णा सीट काढून ठेवायचे आणि बादलीभर पाणी तांब्यातांब्याने त्या नळीत सोडायचे. म्हणायचे, वर्षभर आतही धूळ जाते, आतूनही आंघोळ व्हायला पाहिजे. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि सायकल रात्रभर देवापुढे उभी. सगळी गल्ली आपापल्या गाड्या नुसत्या बाहेरून धुवायची. आमचे अण्णा तेवढे आतून धुवायचे, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान!

मी बाईंना सांगितलं. बाई बौद्ध, त्यांच्याकडे हत्यारांची पूजा करत नाहीत, म्हणून वाटलं आता हसतील, काहीतरी लावून बोलतील. त्या हसल्या नाहीत. उठून लोखंड कापायची करवत घेऊन आल्या.

"मावशी, थांबा!" मी मधेच उभी राहिले. "मी चालवणार नाही. भिंतीवर टांगेन नुसती. शपथ."

"टांगलेली सायकल कवातरी खाली उतरती."

"कापलेली मी त्यांना कोणत्या तोंडाने दाखवू?"

"तू कबूल केलं व्हतंस."

"माझी नाहीये ती! मी कशी कबूल करू शकते?" मी भांडायलाच उठले. काय काय बोलले देव जाणे. एवढी हौस असेल तर स्वतःच्या घरातलं काप, असंही बोलले, त्याची मला अजून लाज वाटते. शकुबाईंचा आवाज चढला नाही. करवत खाली ठेवून म्हणाल्या, "हे मात्र बरोबर बोललीस. तुझी न्हाय. ज्याची हाय त्याला बोलव."

अण्णा रिक्षाने आले. मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते खुशीत होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी बाईंना खुणा केल्या, पाण्याचं बोलू नका, नुसतं जुनी झाली म्हणा. बाईंनी खुणा पाहिल्या आणि अण्णांना स्टूल दिलं.

"दादा, फ्रेम नापास हाय. वरून ओतलेलं पानी खाली साचून राह्यलं. निघायला वाटच नव्हती."

अण्णा नळीवर वाकले. मग म्हणाले, "बोट घालू का?" बाईंनी उजेड धरला. त्यांनी करंगळी आत घातली, फिरवली, तांबडी होऊन आली ती पाहिली. "म्हणजे मीच हिला खाल्ली. धुऊन धुऊन."

"माहीत नव्हतं तुमाला."

"किती वर्षं झाली असतील?"

बाईंनी गाळ चिमटीत चोळला. खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. "पंचवीस तरी."

अण्णांनी सायकलकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "पंचवीस वर्षांपूर्वी ही सहा वर्षांची होती. रोज दांडीवर बसवून शाळेत सोडायचो. रामवाडीच्या पुलावरून. बाई, तवा जर सायकल मोडली असती..." मी म्हटलं, "अण्णा, मोडली नाही ना, मी बसलेय ना इथे धडधाकट," पण ते ऐकत नव्हते. मग त्यांनीच खाली वाकून करवत उचलली. "कापा ही. आत्ताच कापा. कुणाचं पोर नको हिच्यावर बसायला."

बाईंनी फ्रेम आडवी टाकली आणि दोन्ही पायांनी दाबून धरली. अण्णांनी मी बसायचे त्या दांडीवर करवत लावली. चार हात मारले आणि दम लागला, मग मी घेतली, मग पुन्हा त्यांनी. जुनं स्टील, सहजासहजी तुटेना. बाईंनी करवतीला हात लावला नाही. दांडी तुटली तेव्हा आम्ही बापलेक दोघंही घामाघूम झालो होतो.

तुटलेलं टोक बाईंनी उचललं. आत बॅटरी मारून पाहिलं. बोट घातलं, कोरडं बाहेर आलं. दुसरं टोक पाहिलं. मग बोल्टने ठोकून कान लावला, सगळं अगदी पहिल्यासारखं सावकाश, आणि अण्णा त्यांच्या तोंडाकडे निकालाला बसल्यासारखे बघत राहिले.

"दादा," शकुबाई म्हणाल्या, "दांडी पास."

अण्णांनी डोळ्याला सदऱ्याची बाही लावली आणि पास झालेला तो तुकडा दोन्ही हातांनी मागून घेतला.