वहिनीचा पूल आणि बोलका टॅबलेट

मंडळ कार्यालयात आम्हा पंचायत सेक्रेटऱ्यांना बसवून एकेक टॅबलेट दिला, तेव्हा साहेब म्हणाले, आता गावाचा विकास आराखडा कृत्रिम बुद्धिमत्ता करणार. मनात म्हटलं, चला, आजवर बुद्धी न लावता केला, आता निदान कृत्रिम तरी लागेल. टॅबलेट लोकांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारणार, उत्तर ऐकणार आणि कुठल्या कामाची गरज जास्त ते ठरवणार. आम्ही तो फक्त तोंडासमोर धरायचा. म्हणजे एवढं शिकून मी झालो माईकचा दांडा.

पण खरं सांगतो, मला आनंद झाला होता. जैनथकडच्या आमच्या गावाला लागून नाला आहे आणि नाल्यापलीकडे माझ्या भावाचं घर नि मळा. वहिनी भाजी पिकवते. पावसाळ्यात नाल्याला कमरेएवढं पाणी येतं, आणि ती वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन त्यातून बाजाराला निघते. मागच्या साली पाय घसरला, टोपलं वाहून गेलं, ती काठावरच्या बाभळीला धरून वाचली. पुलासाठी मी कितीदा लिहून दिलं, पण सेक्रेटरीच्या वहिनीचा पूल म्हणून सगळे हसायचे. मशीनला कुठे माझी वहिनी माहीत?

भर उन्हाळ्यात टॅबलेट घेऊन तिच्याकडे गेलो. ओसरीवर पेनगंगेपलीकडचे पाहुणे बसलेले. पुतण्याला मुलगी सांगून आली होती आणि मुलीचे वडील घर बघायला आले होते. आमच्याकडे मुलगी देण्याआधी घर बघतात, आणि घर बघणारा आला की त्या दिवशी गावात कशाचीच कमी नसते. हे मला कळायला पाहिजे होतं. पण मी येड्यासारखा टॅबलेट पुढे केला. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, आपल्याला ये-जा करण्यास काही अडचण आहे का?"

वहिनीने पदर सावरला. "काहीच नाही. ऑटो दारापर्यंत येते."

त्या दिवशी ऑटो आली होती खरी, नाला कोरडाठाक होता. पाहुण्यांनी मान डोलावली, वहिनीने मला चहा दिला, मशीनने धन्यवाद दिले.

आराखडा आला. पूल सगळ्यात शेवटी, शेरा: नागरिक समाधानी. सगळ्यात वर, नाल्याकाठी सेल्फी पॉइंट. मी तणतणत साहेबांकडे गेलो. ते आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी गारू, मशीन झूठ नहीं बोलता." मशीन नाही बोलत हो, आमची वहिनी बोलते. शेवटी ठरलं की तिनेच ग्रामसभेत सगळ्यांसमोर बदलून सांगितलं, तर फेरविचार होईल.

नेमके त्याच दिवशी मुलीचे वडील साखरपुड्याची तारीख धरायला आले आणि भावासोबत सभेत येऊन बसले. मी वहिनीजवळ जाऊन हळूच म्हटलं, "राहू द्या, पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली मी वाहून गेली तं कोणाले इचारसान?" म्हणत ती उठली. माझ्या हातातून टॅबलेट घेतला. "मी खोटं बोलली. पावसात ऑटो काय, बैलही उतरत नाही त्या नाल्यात. मी जीव मुठीत धरून जाते."

पाहुण्यांनी टोपी नीट केली आणि भावाला म्हणाले, "घर चांगलं हाय तुमचं. पूल झाला की कळवा, तवा तारीख धरू."

मला त्यांचा राग आला. पण उद्या ते टोपलं त्यांच्याच लेकीच्या डोक्यावर येणार होतं. भाऊ त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेला आणि तिकडूनच मळ्यावर निघून गेला.

मशीनने वहिनीच्या दोन्ही उत्तरांची सरासरी काढली: नागरिक काहीसे समाधानी. पूल एक पायरी वर सरकला. शेवटी स्मशानाचा रस्ता गेला, तिकडून तक्रार आली नसावी.

आता पाऊस लागला आहे. परवा भावाकडे गेलो, तर वहिनी नुकतीच बाजारातून आलेली, दारात उभी राहून ओला पदर पिळत होती. पुतण्या आत झोपून होता. मी पुलाचं काही बोलायच्या आतच तिने विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या मशीनले लग्नाचं पोरगं हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मंग त्याले कशाची घाई राहीन," ती म्हणाली.