हिरवं झालेलं नाव

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. घरी नाही, मित्रांतही नाही. तुम्हाला सांगायला बसलो तर आधी नोकरीचंच सांगावंसं वाटतंय — म्हणजे मुद्द्यावर यायला तेवढाच उशीर.

कोरोनाच्या साथीत मी शहापुरात फोन करायच्या कामाला होतो. काम सरकारी, नेमणूक कंत्राटदाराची. पेशंटला रोज फोन लावायचा, ताप विचारायचा, कोणाकोणाला भेटलात ते विचारायचं आणि अ‍ॅपमध्ये भरायचं. यादी आमच्या स्वतःच्या फोनवर यायची — नाव, वय, पत्ता, नंबर. लोक साहेब म्हणायचे आणि सगळं सांगून टाकायचे. सरकारच विचारतंय म्हटल्यावर कोण नाही सांगणार?

त्या यादीत एक दिवस सुरेखाचं नाव आलं.

मुरबाडच्या कॉलेजात ती माझ्या वर्गात होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून एसटीने यायची. तीन वर्षं मी तिच्या मागच्या बाकावर बसलो आणि तीन वर्षांत एकदाच, खुणेनं, तिच्याकडे पेन मागितलं — खिशात माझी दोन असताना. आता ती शहापुरात खोली घेऊन एकटी राहत होती. हे यादीत होतं. उरलेलं मी विचारून घेतलं — जेवलात का, झोप लागते का, खिडकीतून काय दिसतं. फॉर्मात असले प्रश्न नव्हते. ती मात्र सांगायची. शेजारच्यांच्या शेवग्यावर भारद्वाज येतो, हेसुद्धा सांगायची. मी नाव सांगितलं नाही, 'ऑफिसातून बोलतोय' एवढंच. माझा आवाज ती ओळखणार तरी कुठून?

रोज अकराला तिला फोन. त्याआधी मी दाढी करायचो. फोनवर कोण बघतंय? पण करायचो. इतका सुखी मी आधी कधी नव्हतो, नंतरही झालो नाही.

चौदावा दिवस उजाडला. अ‍ॅपमध्ये तिचं नाव हिरवं झालं — म्हणजे ती मोकळी, आणि आमचे फोन बंद. तेच सांगायला मी फोन लावला. खरंच, त्यासाठीच लावला होता. पण तिनेच आधी विचारलं, "साहेब, आईला बरं नाय. गावाला एकटीच हाय ती. आता जाऊ का मी?"

मी त्या हिरव्या नावाकडे बघत होतो. म्हणालो, "अजून नाही. आणखी आठ दिवस थांबा. मी रोज फोन करीन."

का म्हणालो? आणखी आठ दिवस तिचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून. दुसरं काही नाही. म्हातारीला साधा ताप असेल, अशी मी माझी समजूत घातली.

यादीतले बाकीचे आम्हाला शिव्या घालायचे आणि पाचव्या दिवशी बाजारात दिसायचे. ही उंबऱ्याबाहेर पडली नाही. त्या आठातल्या सहाव्या सकाळी तिचाच फोन आला. "साहेब, आई गेली. तुमी सांगितलंत म्हणून नाय गेले. आता तरी जाऊ का?"

"जा," मी म्हणालो. तिने थँक्यू म्हटलं.

पुढे कंत्राट संपलं. यादी पुसा असं कुणी म्हणालं नाही. त्यानंतर मी दोनदा फोन बदलला, आणि दोन्ही वेळा तिचा नंबर नव्या फोनमध्ये घेतला. लावला कधीच नाही.

परवा मुरबाडच्या स्टँडवर ती समोर आली. केस पिकायला लागलेत. माझ्याकडे बघून थबकली आणि हसली. "ओळखलंस का रे? पेन घेतलं होतंस माझं. अजून परत नाय दिलंस."

तिला आठवत होतं! कॉलेजची तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते ती आपण होऊन बोलत होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं, तर तिला साहेबांचा आवाज ऐकू आला असता.

'माणूस चुकलात' अशी मी नुसती मान हलवली आणि समोर उभ्या असलेल्या कल्याणच्या जीपमध्ये जाऊन बसलो. मला जायचं होतं शहापूरला.