बांगड्या उतरवणारी बाई

शकुनताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी हातातल्या बांगड्या उतरवत. एकेक करून पिशवीत ठेवत, वर चष्मा, आणि मग खाली भिंतीला टेकून बसत. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काय वो बाई! सवाशीण ना तुम्ही? भरल्या घरात बांगड्या कायले उतरवून राहिल्या?"

"पोरगी अंगावर आली तर काच मधात नको, माय. तिले लागन."

तिला लागेल! आमची चिमी चार वर्षांची. चावायची, ओरबाडायची, हाती येईल ते भिरकावायची. अख्खं गाव तिला 'मारकी' म्हणायचं, आणि ही बाई तिच्याच हातांची काळजी करत होती. मी बघतच राहिले.

या वागण्यासाठी चिमीवर नागपूरच्या दवाखान्यात उपचार झाले होते. परतल्यावर काही दिवस पोर अगदी शहाणी, मग पुन्हा तेच. त्यात मला दिवस गेलेले. बाळ यायच्या आत चिमीला माझ्या माहेरी ठेवायचं, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं.  उपचार संपलेल्या मुलांच्या घरी जाऊन घरच्यांना शिकवणं हे त्या दवाखान्याने शकुनताईंना दिलेलं काम. तिरोड्याहून स्कूटीवर यायच्या. मी त्यांच्यावरच फणफणले, "एवढा इलाज केला, गेला ना पाण्यात?"

"इलाज नागपूरले झाला वो. पोरगी तर इथं राहून राहिली," त्या हसून म्हणाल्या. "आता घराले शिकवू."

एकदा मी चिमीच्या हातून मोबाइल काढून घेतला, तर ती शेजारी बसलेल्या ताईंच्या मनगटाला कडकडून चावली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ना हात हिसकावला, ना आवाज चढवला. "राग आला चिमीले. मोबाइल पायजे होता. दात नाही, हात दे." दात सुटले तसे त्यांनी दोन्ही तळवे उघडून पुढे धरले आणि नुसत्या थांबल्या. चिमीने हळूच त्यांत हात टाकले आणि भोकाड पसरलं.

"मारून नाही राहिली, सांगून राहिली ते," ताई मला म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद. मनगटावर दात उमटलेले आणि ही बाई पोरीची बाजू घेतेय! असला धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

पुढच्या वेळी चिमी बिथरली तेव्हा ताई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू बस. मी तर जाईन घरी."

मी बांगड्या उतरवल्या आणि चिमीसमोर तळवे उघडून बसले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवशी काही जमलं नाही, वर पोटावर लाथ बसता बसता राहिली. तेव्हा मात्र ताई माझ्यावरच उखडल्या, "पोटासमोर उशी काऊन नाही घेतली?" नंतर कधी जमायचं, कधी नाही.

बाळंतपणाच्या आधीच ताईंकडे देवरीकडची गावं आली आणि त्यांचं येणं थांबलं. मी हट्टाने चिमीला घरीच ठेवून घेतलं होतं. दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आलो, त्याच दिवशी त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. चिमी कानांवर हात दाबून, लालबुंद होऊन अंगणातून धावत आली. सासूबाई ओरडल्या, "पकडा तिले!" मी बाळाला छातीशी आवळलं.

चिमी थबकली. हातातल्या इवल्या बांगड्या तिने ओढून काढल्या, भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही तळवे उघडून बाळापुढे धरले.

"बाळ सांगून राहिलं," ती म्हणाली.

 सासूबाईंनी आपल्या बांगड्या उतरवल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.