तिसरी मिरची

"बधां मशीन लीलां छे," शेठ स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "तो पछी आप्पा चार नंबर बंद केम करे छे?"

सगळी मशीनं हिरवी आहेत, मग आप्पा चार नंबर बंद का करतात? प्रश्न मला होता, कारण स्क्रीन मी बनवलेली होती. आप्पा म्हणजे भिकनआप्पा, सुरतेतल्या बमरोलीच्या त्या डाइंग मिलमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. ते केबिनच्या दारात गळ्यातल्या टॉवेलने हात पुसत उभे होते. मी स्क्रीनकडे पाहिलं. आठपैकी आठ मशीनं हिरवीगार.

"स्क्रीन चुकणार नाही, शेठ," मी म्हणालो.

हे वाक्य त्यानंतर मी कधीही उच्चारलेलं नाही.

आधी थोडं समजावून सांगतो. या मिलमध्ये साडीचं कापड जेट नावाच्या मशीनमध्ये रंगवतात. एक मोठी बंद टाकी, आत उकळतं रंगाचं पाणी आणि त्यात दोरासारखं पिळलेलं कापड गरगर फिरत असतं. कधी कधी ते आत अडकतं. वेळेत कळलं तर कापड ओढणारी रीळ उलटी फिरवून सोडवता येतं. नाही कळलं तर कापडावर डागांचा नकाशा उमटतो आणि लॉट बाद होतो. अडकल्याचा आवाज भिकनआप्पांना बाहेरून कळायचा. तीस वर्षं ते त्या आठ जेटच्या मधून फेऱ्या मारत होते.

शेठना फेऱ्या नको होत्या, स्क्रीन हवी होती. माझा धंदा तोच. मशीनला सेन्सर लावायचे, तारा कॉम्प्युटरपर्यंत आणायच्या आणि स्क्रीनवर दाखवायचं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी काम करतो त्यात ओळी लिहायच्या नसतात. चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. त्यात दिवे, मीटर, बटणं तयार मिळतात, प्रत्येकाला नाव असतं. मी आठ दिवे लावले. शेठ म्हणाले, "आ तो रमकडां जेवुं लागे छे." खेळण्यासारखं दिसतं. त्यांना हुबेहूब जेट हवी होती.

मग मी जेट काढली ती शोभेच्या आकारांनी. सॉफ्टवेअरमध्ये गोल, चौकोन, चौकटी असतात, नुसत्या सजावटीच्या. त्यांना नाव नसतं, तार जोडता येत नाही. पण एक चोरवाट आहे. स्क्रीनवरच्या सगळ्या सजावटीची यादी प्रोग्रामला मागता येते आणि त्या यादीतल्या नंबराप्रमाणे एकेकाचा रंग बदलता येतो. यादीचा क्रम कसा, तर जो आकार सगळ्यांच्या खाली दबलेला तो पहिला. माझी आठ जेट सगळ्यात खाली होती. म्हणून मी प्रोग्रामला सांगितलं, पहिले आठ आकार म्हणजे आठ जेट. ठीक तर हिरवा, कापड अडकलं तर लाल. तार तुटली की प्रोग्रामला कापड अडकल्यासारखंच वाटतं, म्हणून एकेका सेन्सरची तार उपटून पाहिली. आठही जेट शहाण्यासारखी लाल झाली. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की घरी भेस्तानला जाऊन बायकोलासुद्धा समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने "हो का?" म्हटलं.

स्क्रीन चालू करायच्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला. शेठ स्क्रीनकडे बघत राहिले. "महाजनभाई, बहु सरस. पण नजर लागी जशे."

शिपायाने मॉनिटरवर खरी लिंबू-मिरची टांगून पाहिली. ती नेमकी सात नंबरच्या जेटसमोर लोंबायला लागली. शेठ म्हणाले, "अंदर ज बनावी दो ने." स्क्रीनच्या आतच काढून द्या.

मी तिथेच खुर्ची ओढली. आधी दोरा काढला, मग खाली पिवळं लिंबू आणि वर सात हिरव्या मिरच्या. पेढा खात खात काढल्या.

"दोरो क्यां छे?" शेठनी विचारलं. दोरा मिरच्यांखाली झाकला गेला होता. बिनदोऱ्याची मिरची काम करत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी लिंबू आणि सातही मिरच्या निवडल्या आणि त्यांना सगळ्यांच्या खाली पाठवून दिलं. दोरा वर आला, टाळ्या वाजल्या.

लिंबू पुन्हा पाहिलं तर हिरवं दिसत होतं. आपण पिवळं काढलं होतं ना, असं मनात आलं. मग म्हटलं, कच्चं लिंबू हिरवंच असतं. दुसरा पेढा घेतला. एकही तार न उपटता निघालो. शोभेची वस्तू, तिचं काय तपासायचं?

आता पाच दिवसांनी मी त्याच खुर्चीपाशी उभा होतो आणि भिकनआप्पांनी चौथ्यांदा हिरवं जेट बंद केलं होतं.

"कापड अटकनं होतं," आप्पा म्हणाले. "रीळ उलटी फिराई, सुटनं."

सुटलं म्हणजे पुरावाही सुटला. अडकल्यावर वाजणारा भोंगा होता, पण फोनवर बोलता येत नाही म्हणून शेठनीच तो काढायला लावला होता.

"आप्पाने मशीन नथी गमतुं," शेठ माझ्याकडे वळून म्हणाले. आप्पांना ही स्क्रीन आवडत नाही. "सोमवारथी एमने घेर बेसवानुं."

सोमवारपासून घरी. आप्पांचं घर लिंबायतला, दोन खोल्या. ते पारोळ्याकडचे, मी अमळनेरचा. पहिल्या दिवशी मी अहिराणीत दोन वाक्यं बोललो तेव्हा त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली होती. ती मला आठवली. तरी मी शेठना अडवलं नाही. माझी स्क्रीन आणि त्यांचे कान यांत मी स्क्रीनच्या बाजूने होतो.

शेठना फोन आला, ते बाहेर गेले. आप्पा जवळ आले.

"साहेब, तुमना पडदाम्हा जेट झोपेल शेतस. पन मिरची खरं बोलस."

"काय?"

"चार नंबर अटकनं का तिसरी मिरची लाल व्हस. लिंबूपासून मोजा. आठ नंबर अटकनं का सगळ्यास्ना वरची."

"आणि एक नंबर अडकलं तर?"

"मंग लिंबू."

मला ते हिरवं लिंबू आठवलं.

मी सहा नंबरपाशी गेलो आणि सेन्सरची तार उपटली. धावत केबिनमध्ये आलो. सहा नंबरचं जेट हिरवं. पाचवी मिरची लालभडक.

काय झालं होतं ते सांगतो. समजा मास्तर मुलांची नावं न विचारता 'पहिल्या बाकावरच्या, उठ' असं ओरडतात. एक दिवस नवीन आठ मुलं येऊन पुढच्या बाकांवर बसतात. जुनी मागे सरकतात. मास्तर मान वर न करता ओरडतच राहतात. माझं लिंबू आणि सात मिरच्या सगळ्यांच्या खाली जाऊन यादीत पुढच्या बाकांवर बसल्या होत्या. जेटना पाच दिवस कोणी हाकच मारली नव्हती. मी काढताना ती हिरवी काढली होती, म्हणून हिरवी होती. मिलला आग लागली असती तरी हिरवीच राहिली असती.

दुरुस्ती सोपी होती. प्रोग्राममध्ये एके ठिकाणी आठ मिळवायचे, झालं. दोन मिनिटांचं काम. शेठ अजून फोनवर होते. मी लॅपटॉप उघडलासुद्धा. 'काही नाही, सेटिंग होतं' हे वाक्य तयार होतं. आमच्या धंद्यात ते इतकं वापरलं जातं की त्याला गुळगुळीतपणा आलेला आहे. पण आप्पा शेजारी उभे होते. पाचव्या मिरचीकडे बघत होते.

मी लॅपटॉप मिटला.

शेठ आत आल्यावर मी म्हणालो, "शेठ, आप्पा बराबर है. गलती मेरी है. आपकी मशीनें मिर्ची पर जा रही हैं."

"मिरची तो लाल थाय ज ने," शेठ म्हणाले. "नजर खेंचे छे."

पाच दिवस ते मिरच्या लाल होताना पाहत होते! व्यापारी आले की मुद्दाम दाखवत होते. ही सोय मी प्रेमाने घालून दिली आहे, असा त्यांचा समज होता.

मी त्यांना हाताला धरून सगळं दाखवलं. तार उपटली, मिरची लाल. तार जोडली, मिरची हिरवी. शेवटी एक नंबरची तार उपटली आणि लिंबू लाल झालं. लाल लिंबू पाहिल्यावर शेठ खुर्चीत बसले. मग आप्पांना म्हणाले, "चार वखत साचुं हतुं?"

"चारी वखत," आप्पा म्हणाले.

शेठ माझ्याकडे वळले. "एटले महाजनभाई, स्क्रीनने नजर तमारी ज लागी!"

केबिनमध्ये सगळ्यात मोठ्याने आप्पा हसले. त्यांचा तो हक्कच होता.

सोमवारी आप्पा कामावर होते. स्क्रीनसमोरची खुर्ची शेठनी त्यांनाच दिली. ते तिच्यावर टॉवेल वाळत घालतात आणि फेऱ्या मारतात. मी जेटच्या चित्रांखाली नाव असलेले खरे दिवे बसवले, शेठ खेळणं म्हणाले तरी. भोंगाही परत लावला. लिंबू-मिरची मात्र मला कोणी काढू दिली नाही. उलट, आता मिरच्या मुद्दाम लाल करून द्याव्या लागल्या, कारण दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर 'चार नंबर' म्हणतच नाहीत. 'तिसरी मिरची अटकनी' म्हणतात.

काम सोपवताना आम्ही एक तपासणीची यादी भरतो. तिच्यात आता मी स्वतःच्या हाताने पहिली ओळ लिहिली आहे: 'लिंबाचा रंग पाहावा.' ज्या मिलमध्ये लिंबू नाही, तिथेही ती ओळ राहते. तिच्यापुढे मी 'नाही' लिहितो, आणि मग सगळ्या तारा एकदा उपटून पाहतो.